शेलमधले तेल आणि कार्बन डायऑक्साइड एकजीव कधी होतात, हे आधी कसे सांगायचे

वणी तालुक्यातल्या एका गावातून अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारले आहे: "काका, मी एमएमपीचा, म्हणजे तेल आणि कार्बन डायऑक्साइड एकजीव व्हायला लागणाऱ्या किमान दाबाचा अंदाज संगणकाकडून काढायचा प्रकल्प घेतला आहे. वेगवेगळ्या शोधनिबंधांतून दोनशेच्या आसपास नोंदी जमवल्या. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारी संगणकी पद्धत) वापरले, आर-स्क्वेअर ०.९७ आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). आता सर म्हणतात, हेच घट्ट शेल खडकाला लावून दाखव. शेलची छिद्रे नॅनोमीटरची असतात, म्हणून छिद्राची त्रिज्या हा एक रकाना वाढवला तर पुरेल का?"

नाही पुरणार, पोरी. रकाना वाढवायला कोणी अडवत नाही, पण त्यात भरशील काय? तुझ्या जवळपास सगळ्या नोंदी स्लिम ट्यूबच्या, म्हणजे वाळू भरलेल्या लांब बारीक नळीत तेलावर वायू सोडून मोजलेल्या असणार. त्या नळीत भरलेल्या वाळूची छिद्रे मायक्रोमीटरमध्ये मोजतात. शेलच्या छिद्रापुढे ती विहिरीएवढी. म्हणजे त्या रकान्यात प्रत्येक ओळीला "मोठे छिद्र" एवढेच येईल. मग पुष्कळ जण काय करतात, तर कोणीतरी समीकरणातून काढलेले नॅनोछिद्रांचे आकडे उचलतात आणि मोजलेल्या आकड्यांच्या खाली चिकटवतात. मॉडेल ते समीकरण पाठ करते आणि आपल्याला वाटते की खडक कळला. मी पस्तीस वर्षे तेलाच्या नमुन्यांची प्रयोगशाळा आणि रिझर्व्हॉयरचे, म्हणजे जमिनीखालच्या तेलसाठ्याचे, काम यांत काढली, बहुतेक गुजरातेत. आता आर्वीकडे गावी असतो आणि तुमच्यासारख्या मुलांचे प्रकल्प वाचतो. ही एक गोष्ट मला फार लागते, कारण प्रश्न चांगला असतो आणि उत्तर चुकीच्या जागी शोधले जाते.

आधी एकजीव होणे म्हणजे काय ते नीट धर. माझे वडील हिंगणघाटला एका तेल गिरणीत कामाला होते. सरकी एक्स्पेलरमधून कितीही दाबून काढा, ढेपेत सहा-सात टक्के तेल राहतेच. ते काढायला ढेप सॉल्व्हंट प्लँटमध्ये नेतात आणि तिच्यावरून हेक्झेन सोडतात. हेक्झेन आणि तेल कोणत्याही प्रमाणात मिसळतात, दोघांमध्ये सीमाच उरत नाही, आणि ढेपेतले तेल एक टक्क्याच्या आसपास येते. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, आणि पृष्ठताण नाही म्हणजे बारीक छिद्रात तेलाचा थेंब अडकवून ठेवणारी ताकदच नाही. शेलमधून पहिल्या उत्पादनात साधारण दहा टक्क्यांहून कमी तेल येते, बाकीचे तिथेच राहते. आपल्याला त्या ढेपेसाठी सॉल्व्हंट हवा आहे.

कार्बन डायऑक्साइड मात्र हेक्झेनसारखा पहिल्याच भेटीत मिसळत नाही. वायू तेलाला भेटतो, तेलातले हलके आणि मधले घटक स्वतःत ओढून घेतो, स्वतः थोडा तेलात विरघळतो. असा श्रीमंत झालेला वायू पुढच्या ताज्या तेलाला भेटतो, आणखी श्रीमंत होतो. अशा अनेक भेटींनंतर पुढच्या टोकाला वायू आणि तेल यांतला फरक मिटतो. काही तेलांत उलट्या बाजूनेही घडते: वायूतले मधले घटक तेलात उतरतात. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही एकदम चालू असते, हे १९८६ मध्ये झिक यांनी दाखवून दिले. म्हणून एमएमपी हा नुसत्या तेलाचा गुणधर्म नाही. तेल, वायू आणि तापमान या तिघांच्या भेटींचा तो निकाल आहे.

तापमान का महत्त्वाचे? कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिबिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बारवर आहे. त्याच्या वर तो ना धड वायू ना धड द्रव. १०० अंश आणि २५० बारला त्याची घनता घनमीटरला ६०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे द्रवाजवळची, पण वाहतो वायूसारखा पातळ. ही घनताच त्याला विरघळवण्याची ताकद देते. तापमान वाढले की घनता घटते, मग तीच ताकद परत आणायला दाब वाढवावा लागतो.

हे आकड्यांत बघ. क्रॉनक्विस्ट यांचे १९७८ चे सूत्र जुने आहे, पण शिकायला उत्तम. त्यात तीनच गोष्टी लागतात: फॅरनहाइटमधले तापमान, पेंटेन आणि त्यापुढच्या घटकांचा सरासरी रेणुभार, आणि तेलातल्या मिथेनचे मोल टक्के. १०० अंश सेल्सिअस, रेणुभार १९०, मिथेन ३० टक्के धरले तर एमएमपी २३३ बारच्या आसपास येतो. तापमान ७० अंश केले तर १७४. तापमान तेच ठेवून रेणुभार १९० वरून २१० केला तर २३३ चे २६३ होतात. मिथेन ३० वरून ४० टक्के नेले तर २५३. हे चार आकडे वहीत लिहून ठेव, पुढे लागणार आहेत. १९८५ चे अल्स्टन आणि सहकाऱ्यांचे सूत्र आणखी एक गोष्ट धरते: मिथेन-नायट्रोजनसारखे उडून जाणारे घटक आणि इथेन ते ब्युटेनसारखे मधले घटक यांचे गुणोत्तर. मधले घटक जास्त असले की एकजीव होणे सोपे जाते.

आता तुझा ०.९७. तुझ्या तक्त्यात एकच तेल तीन तापमानांना, चार वेगवेगळ्या वायूंबरोबर मोजलेले असेल, म्हणजे एका तेलाच्या बारा ओळी. त्या उलटसुलट करून ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के तपासायला घेतल्या की प्रत्येक तेलाचे भाऊबंद दोन्ही बाजूंना जातात. परीक्षेतली उदाहरणे आदल्या दिवशी सोडवून घेतल्यासारखे झाले. शिवाय तीच मोजणी तीन निबंधांत आलेली असते, एकात पीएसआय, दुसऱ्यात मेगापास्कल, तिसऱ्यात पूर्णांकात आणलेली, त्यामुळे संगणकाला त्या तीन वेगळ्या नोंदी वाटतात. आधी अशा जुळ्या ओळी शोधून काढ. मग विभागणी ओळींची न करता तेलांची कर: जे तेल तपासायला ठेवले त्याची एकही ओळ शिकण्यात नको. आकडा खाली येईल. येऊ दे, तोच खरा आहे. आणि आर-स्क्वेअरऐवजी चूक बारमध्ये सांग. सर्वांत मोठी चूक कोणत्या तेलावर झाली आणि का, यावर एक पान लिही. ते पान सगळ्या आलेखांपेक्षा मोलाचे ठरेल.

रँडम फॉरेस्टची आणखी एक मर्यादा शेलमध्ये नेमकी बोचते. शिकवलेल्या नोंदींत जो सर्वांत मोठा एमएमपी असेल त्याच्या वर ते जाऊच शकत नाही, कारण उत्तर म्हणून ते जुन्या उत्तरांची सरासरीच देते. खोल आणि गरम शेलसाठी विचारलेस तर ते ओळखीच्या टोकाला थांबेल आणि तुला पत्ताही लागणार नाही. म्हणून प्रत्येक अंदाजाबरोबर सांगायला हवे की हे तेल आणि हे तापमान शिकलेल्या हद्दीत आहे की बाहेर. आणि तपासून बघ: तापमान वाढवल्यावर अंदाज वाढतो का? वायूत नायट्रोजन घातल्यावर वाढतो का? इथेन-प्रोपेन घातल्यावर उतरतो का? यांतले एकही उलटे गेले तर ते मॉडेल बाजूला ठेव.

आता नॅनोछिद्रे, जिथे तुझ्या सरांचा प्रश्न खरा अडकला आहे. दोन वेगळे परिणाम लोक एकत्र कालवतात. पहिला केशदाबाचा, म्हणजे बारीक छिद्रात पृष्ठताणामुळे पडणाऱ्या दाबाच्या फरकाचा. त्रिज्या ५ नॅनोमीटर आणि पृष्ठताण मीटरला ५ मिलिन्यूटन धरला तर छिद्रातल्या वायू आणि द्रव यांच्या दाबात २० बारचा फरक पडतो. हा मोठा आहे, आणि बुडबुड्याच्या दाबावर, म्हणजे तेलातून वायूचा पहिला बुडबुडा सुटतो त्या दाबावर, त्याचा परिणाम खरोखर होतो. पण एमएमपीच्या व्याख्येकडे परत जा. तिथे पृष्ठताण शून्याकडे जातो. पृष्ठताणच गेला तर केशदाब कशाच्या जोरावर उरेल? म्हणून एकट्या केशदाबाने एमएमपी फारसा हलत नाही. हे मला स्वतःला नीट पटायला बरेच दिवस लागले, कारण छिद्र बारीक म्हणजे केशदाब मोठा, हे डोक्यात पक्के बसलेले असते.

दुसरा परिणाम बंदिस्तपणाचा. रेणूच्या आकाराच्या मानाने छिद्र फार मोठे नसले की त्या घटकाचे क्रांतिक तापमान आणि दाब दोन्ही उतरतात. जारागोइकोएचिया आणि कुझ यांच्या २००४ च्या सूत्राने मी मिथेनसाठी हिशोब करून देतो. त्रिज्या ५० नॅनोमीटर असेल तर क्रांतिक तापमान एक टक्क्याहूनही कमी उतरते. १० नॅनोमीटरला साधारण पावणेचार टक्के, म्हणजे ७ केल्व्हिन. ३ नॅनोमीटरला जवळपास बारा टक्के, २३ केल्व्हिन. असे बदललेले गुणधर्म पेंग-रॉबिन्सनच्या १९७६ च्या, दाब-तापमान-आकारमान जोडणाऱ्या समीकरणात घालून एमएमपी काढला तर तो साधारणपणे उतरलेला दिसतो, आणि उतार दहा नॅनोमीटरच्या खाली डोळ्यांत भरतो. हे सगळे गणित आहे हे विसरू नकोस. खडकाच्या आत एमएमपी थेट मोजणे फार अवघड आहे. स्लिम ट्यूबशी तोलता येईल असा मोजलेल्या आकड्यांचा ढीग अजून कोणाकडे नाही.

म्हणून त्रिज्येचा एक आकडा घालण्यापेक्षा मी असे करीन. खडकाची छिद्रवाटणी, म्हणजे कोणत्या आकाराची छिद्रे किती, ती घे. शेलमध्ये दोन-तीन नॅनोमीटरपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत छिद्रे असतात. संख्येने बारीक छिद्रे उदंड दिसतात, पण तेल किती कुठे आहे ते आकारमानावर ठरते. ५०, १० आणि ३ नॅनोमीटर या तीन त्रिज्यांना समीकरणातून एमएमपी काढ आणि किती तेल कोणत्या गटात आहे त्याप्रमाणे पट्टा दाखव. वरची कड म्हणून मोठ्या छिद्राचा, म्हणजे स्लिम ट्यूबचा आकडा धर. बंदिस्तपणाने तो उतरेलच उतरला तर, त्यामुळे तो सावध आकडा आहे. समीकरणातून एमएमपी काढायला अहमदी आणि जॉन्स यांची २०११ ची मिश्रणकोष्ठांची पद्धत विद्यार्थ्याला लिहिण्याजोगी आहे: एका कोष्ठात तेल, एकात वायू, त्यांची भेट, मग नव्या कोष्ठांच्या पुन्हा भेटी, आणि समतोलातल्या वायू-द्रवांतला सर्वांत छोटा फरक शून्यावर जाईल तो दाब.

पण सावध कड म्हणालो त्याला एक अट आहे: तेलाचा नमुना खरा हवा. इथे शेल फसवतो. वर येते ते तेल आणि छिद्रात राहते ते तेल एकच नसते. अरुंद वाटांतून हलके घटक आधी सटकतात, जड मागे राहतात. शिवाय उत्पादनासाठी खडकात पाडलेल्या भेगेजवळचा दाब बुडबुड्याच्या दाबाखाली गेला की वायू सुटून निघून जातो. विभाजकावर, म्हणजे वर आलेले तेल आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीवर, घेतलेल्या नमुन्यावरून तू १९० रेणुभार मांडशील आणि छिद्रात २१० असेल. वहीतला आकडा आठव: फरक ३० बार, आणि वरच्या बाजूला. नॅनोछिद्रांच्या दुरुस्तीने तू जेवढे खाली आणलेस तेवढे नमुन्याच्या चुकीने वर जाऊ शकते. त्रिज्येच्या रकान्यावर महिनाभर घालवणारी मुले नमुन्याच्या इतिहासाची एक ओळही विचारत नाहीत, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

माझ्या हातूनही हे घडले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीचा नमुना आमच्याकडे आला. सिलिंडरची झडप वाटेत गळत होती आणि मी आल्यावर दाब तपासला नाही. मिथेन बरेचसे निघून गेले होते. मी रचना मोजली, सूत्रात घातली आणि अहवाल दिला. पुढे तेल आणि वायू नीट पुन्हा मिसळून स्लिम ट्यूब चालवली तेव्हा खरा आकडा माझ्यापेक्षा चाळीसेक बार वर निघाला. सूत्राची चूक नव्हती, मी त्याला गळके तेल दिले होते. तेव्हापासून नमुना हातात आला की आधी सिलिंडर उघडण्याचा दाब आणि बुडबुड्याचा दाब यांचा मेळ बसतो का ते बघतो, मगच बाकीचे.

समज, एमएमपी अचूक कळला. पुढे काय? मे महिन्यात आपल्या काळ्या वावराला हातभर खोल भेगा पडतात. त्यावर पाणी सोडून बघ. पाणी भेगांतून सरसर खाली जाते, धुऱ्यापलीकडेही निघते, आणि ढेकूळ फोडून पाहिले तर आत कोरडे. शेलमध्ये जलदाबाने पाडलेल्या भेगा आणि त्यांच्यामधला घट्ट खडक यांचे नाते नेमके असेच आहे. वायूला भेग सोपी वाटते. स्लिम ट्यूबमध्ये वायू तेलाला पुढे ढकलतो, शेलच्या खडकात मात्र बरेचसे काम विसरणावर, म्हणजे रेणूंच्या संथ झिरपण्यावर चालते.

किती संथ? घट्ट खडकात विसरणाचा गुणांक सेकंदाला १०⁻¹⁰ चौरस मीटर धर. अंतराचा वर्ग भागिले गुणांक, एवढाच ढोबळ हिशोब. एक सेंटिमीटर आत जायला साडेअकरा दिवस. दहा सेंटिमीटरला तीन वर्षांहून जास्त. एक मीटरला तीनशे वर्षांहून जास्त. अमेरिकेत नॉर्थ डाकोटा विद्यापीठाच्या ऊर्जा संशोधन केंद्राने बाक्केन या तिथल्या तेलथराच्या सेंटिमीटरभर जाडीच्या खडकाच्या तुकड्यांवर ११० अंश आणि सुमारे ३४५ बारला कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला. मधल्या थरातल्या तुकड्यांतून बहुतेक तेल एका दिवसाच्या आसपास बाहेर आले, खऱ्या शेलच्या तुकड्यांतून ते हळू आले. एक लक्षात घे, बाक्केनचा तो मधला थर शेल नाही. दोन शेलच्या थरांमध्ये दबलेला तो जरा जाड कणांचा गाळखडक (सिल्टस्टोन) आहे. पुष्कळ निबंध दोघांना एकाच नावाने बोलावतात आणि तक्त्यातही तसेच येते. प्रत्यक्ष विहिरींवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत वायू आत घालायला अडचण आली नाही, पण तो भेगांतून पळाला आणि तेल फारसे वाढले नाही. तिथला दाब एमएमपीच्या खाली होता म्हणून हे झाले असे नव्हे. तेलापर्यंत वायू पोहोचलाच नाही.

म्हणून एकाच विहिरीत वायू कोंडायचा, विहीर काही दिवस बंद ठेवायची आणि मग तिच्यातूनच उत्पादन घ्यायचे, ही पद्धत शेलला जास्त मानवते. इथे एमएमपीचा उपयोग थोडा बदलतो. कोंडताना दाब त्याच्या बराच वर नेता येतो, मात्र खडक नव्याने फाटण्याच्या दाबाखाली ठेवून. वर गेलेला प्रत्येक बार वायू खोल ढकलतो आणि हलके-मधले घटक जास्त ओढतो. पण उत्पादन सुरू झाले की भेगेजवळचा दाब उतरतो आणि एमएमपीच्या खाली जातो. मग जे एकजीव झाले होते ते पुन्हा वेगळे होते. एमएमपी म्हणजे उंबरठा ओलांडला की काम झाले, असे इथे नाही. तो चक्राच्या किती काळासाठी आणि किती खोलीपर्यंत ओलांडलेला राहतो, ते सांगावे लागते. ॲस्फाल्टीनचा, म्हणजे तेलातल्या सर्वांत जड, डांबरासारख्या भागाचा प्रश्न थोडक्यात: कार्बन डायऑक्साइडने ते खाली बसते आणि इतक्या अरुंद वाटा बुजायला थोडेसेही पुरते, म्हणून तुझ्या तेलातले ॲस्फाल्टीनचे प्रमाण तक्त्यात हवेच.

तू शेवटी लिहिलेस की घरून वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो, तो वायू वापरता येईल का. चांगला विचार आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड बारा ते पंधरा टक्के असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन. तोच धूर तसाच कोंडला तर नायट्रोजन एमएमपी इतका वर नेईल की एकजीव होणे विसरावे लागेल. आधी कार्बन डायऑक्साइड वेगळा करावा लागतो, खर्च तिथेच आहे. आणि आपल्या विदर्भाखाली कोळसा आहे, तेलाची विहीर नाही. देशात हे तेलाशी जोडून पाहण्याचा जवळचा प्रयत्न म्हणजे गुजरातेतले गांधार क्षेत्र: कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड तिथे नेण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी २०१९ मध्ये करार केला. ते शेल नव्हे, पण तुला भारतीय संदर्भ द्यायचा असेल तर तो दे. चंद्रपूरच्या चिमणीचे गणित त्याच प्रकरणात वेगळ्या परिच्छेदात मांड: १००, ९५ आणि ९० टक्के शुद्धतेला तुझ्या मॉडेलचा एमएमपी किती वाढतो ते दाखव.

सरांना सांग की प्रकल्पाचे नाव थोडे बदलायचे आहे: मोठ्या छिद्रातला एमएमपी शिकलेल्या मॉडेलमधून, नॅनोछिद्रांची दुरुस्ती समीकरणातून, आणि दोन्ही वेगळ्या रकान्यांत. मोजलेले आणि काढलेले आकडे एका रंगात छापू नकोस. मी पऱ्हाटीचा दुसरा वेचा झाला की नागपूरला येतो आहे. तोवर तेलाची रचना मिथेनपासून हेप्टेनच्या पुढपर्यंत, रिझर्व्हॉयरचे तापमान, बुडबुड्याचा दाब आणि नमुना कुठून, कधी, कोणत्या दाबाला घेतला, एवढे एका कागदावर पाठव. शेवटची ओळ मिळाली नाही तर तसे लिहून पाठव, आपण त्या तेलाऐवजी दुसरे घेऊ.